चार बोटं मागे

आमच्या भोपळीचे कान फार सुंदर आहेत. हे मी आई म्हणून सांगत नाही, माझ्याकडे पुरावा आहे. दहा महिन्यांत मी तिचे जवळजवळ दोनशे फोटो काढले आणि त्या प्रत्येकात कान असे आलेत की पाळीवरची लव मोजून घ्यावी. कानांच्या पुढे जे काही असतं, म्हणजे डोळे, नाक, तोंड, थोडक्यात भोपळी, ते सगळं धुक्यात.

"फोटो छानच आहेत गं," सासूबाई एकेक हातात घेऊन बघायच्या. "फक्त पोरगी कुठे आहे?"

कॅमेरा सासऱ्यांचा. जुना, जड, हातातून पडला तर फरशी फुटेल असा. त्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. भोपळीला दोन नाकं, चार डोळे. मग लेन्स हळूहळू फिरवायची. दोन भोपळ्या सरकत सरकत एकमेकींवर बसल्या आणि एकच झाली की फोकस झाला, दाबा बटण. मी इमानेइतबारे नाकावर नाक बसवत होते आणि लेन्स इमानेइतबारे कान काढत होती.

"मोबाइलवर काढ ना," नवरा म्हणायचा. तो शाळेची बस चालवतो. दिवसभर चाळीस पोरं ऐकून आल्यामुळे घरी त्याची सगळी वाक्यं एवढीच लहान असतात.

पण मोबाइल दिसला की भोपळी हसायचं सोडून तो खायला येते. कॅमेरा डोळ्याला लावला की मात्र आईचं अर्धं तोंड गायब झालेलं बघून ती खदाखदा हसते. आणि मला तेच हसू हवं होतं. बोळकं. एकही दात नसलेलं, खालच्या हिरडीवरून लाळेचा धागा सोडणारं, कुणाशीही आणि कशावरही हसलेलं. ते कागदावर नीट उतरलेलं एकदा हवं होतं, बस्स.

आणि वेळ संपत आला होता. खालची हिरडी फुगली होती. सासूबाई रोज सकाळी चमचा घेऊन तपासणीला बसायच्या. केळं भरवता भरवता चमचा हिरडीवर हलकेच आपटायचा आणि कान द्यायचा. 'टिक' वाजलं की दात आला.

"अजून मऊ आहे," त्या निकाल द्यायच्या. "पण आज-उद्याचा खेळ आहे."

म्हणून एका सोमवारी सकाळी भोपळीला कडेवर आणि कॅमेऱ्याला पिशवीत घालून मी समोरच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. काकांच्या एका डोळ्यात कायम भिंग असतं. दुसऱ्या डोळ्याने ते गिऱ्हाईक बघतात. त्यांनी माझे फोटो भिंगाच्या डोळ्याने बघितले.

"कान सुरेख," ते म्हणाले.

"काका!"

"बरं, ऐक. बिघाड नाही हा, खोड आहे. या जुन्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असलं की जिथे बघशील तिथे फोकस. छिद्र लहान केलंस की फोकस आपला मागे सरकतो. तू छिद्र कितीवर ठेवतेस?"

"चारवर. खिडकीपाशी."

"म्हणून कान. उपाय सोपा आहे. लेन्स जिथे बसते तिथे आत एक पातळ चकती घालायची, केसाएवढी. लेन्स तेवढी पुढे येते आणि फोकसही पुढे येतो. पण मग उघड्या छिद्राला बिघडेल हं. आखूड पांघरूण आहे हे. डोकं झाक नाहीतर पाय."

"मला फक्त तोंड हवंय."

"मग कर तूच. माझा हात हल्ली थरथरतो." त्यांनी मला सुईएवढा पेचकस आणि एक जास्तीचं भिंग दिलं. "आणि एखादी बारीक वस्तू टुणकन उडाली तर शोधू नकोस. ती सापडत नसते. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

घरी येऊन मी ही बातमी सांगितली तेव्हा सासऱ्यांना चहाचा ठसका लागला.

"उघडणार? लेन्स? माझी?"

"तीनच स्क्रू आहेत, बाबा."

"तीन असोत नाहीतर तेरा! चांगली चालतेय ती. चाळीस वर्षं चाललीय."

ते एवढे का बिथरले ते मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला आमच्या घरातला जुना अल्बम बघायला हवा.

सासरे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला होते. माणूस असा नेमका की लोणी पावाला लावतानाही कडेपासून सारखं अंतर सोडतो. पण त्यांच्या अल्बममध्ये एक चमत्कार आहे. कचेरीच्या नव्या इमारतीची फीत कापताना साहेब: साहेब धूसर, आणि त्यांच्या मागे छत्री घेऊन उभ्या सासूबाई लख्ख. आत्याच्या लग्नाचा फोटो: नवरानवरी दोन ढगांसारखे, आणि मागे ताटल्यांची चळत धरलेल्या सासूबाई अशा स्पष्ट की वरच्या ताटलीचा टवका दिसावा. आत्यांनी ते अजून माफ केलेलं नाही. "लग्न माझं आणि फोटो वहिनीचा," असं त्या दर भेटीत म्हणतात. मग सगळे सासऱ्यांकडे बघून हसतात, सासरे मान खाली घालतात आणि ठेवणीतलं वाक्य बाहेर काढतात, "काय करणार, नजर जाते तिथे फोकस जातो."

या एका वाक्यावर त्या माणसाने चाळीस वर्षं जास्तीचा चहा मिळवलाय.

ते काही असो, माझ्याकडे भोपळीची दुपारची झोप होती. एक ते सव्वादोन. त्यात जेवण, कपड्यांच्या घड्या, स्वतःचे केस विंचरणं आणि लेन्सची शस्त्रक्रिया. केस रद्द केले.

सासऱ्यांनी त्यांच्या खणातून ट्रेसिंगचा पातळ कागद काढून दिला. मोजून चार चकत्यांपुरताच. मी म्हटलं, एवढाच? ते म्हणाले, "सामान मर्यादित असलं की हात जपून चालतो." आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्म असते तिथे मी ट्रेसिंगचा तुकडा ताणून चिकटवला. झडप उघडी राहावी म्हणून वरच्या खटक्यावर नवऱ्याच्या कोटाची गुंडी ठेवून रबरबँड आवळला. मग टेबलावर भोपळीचे लाकडी ठोकळे तिरक्या रांगेत मांडले. पुढे ससा, मग मांजर, मग हत्ती, त्यामागे कासव, शेवटी बदक. खिडकीतून बघून हत्तीवर हत्ती बसवला, छिद्र चारवर केलं आणि काकांचं भिंग डोळ्यात खुपसून पाठीमागच्या कागदावर बघितलं. तिथे सगळं प्राणिसंग्रहालय उलटं टांगलेलं होतं. हत्ती धूसर, आणि त्याच्या मागे कासव, पायाच्या नखांसकट.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. चोर सापडला होता! मी हत्तीकडे बघतेय आणि ही बया कासवाकडे.

तीन स्क्रू काढले. ते उडू नयेत म्हणून एकेक मलमाच्या डबीच्या झाकणात चिकटवला. नखं कापायच्या कात्रीने कागदाच्या चकत्या कापल्या. एक घातली: हत्तीचं शेपूट स्पष्ट, सोंड धूसर. दुसरी घातली: हत्ती! अखंड हत्ती! मी मूठ आवळून हवेत नाचवली आणि कोपर टेबलावर आपटलं, ठोकळे खाली पडले, भोपळी उठली. पण झालं होतं. उद्या फिल्म भरायची आणि बोळकं टिपायचं.

मंगळवारी दुपारी फिल्म भरण्याआधी सहज म्हणून पुन्हा एकदा हत्तीवर हत्ती बसवला.

कासव.

मी भिंग पुसलं. डोळा पुसला. कासवच. लेन्स उघडली, तर आत चकत्या नाहीत.

आता सांगते, मूल झाल्यापासून माझ्या डोक्याचा मला फार भरवसा उरलेला नाही. मागच्याच आठवड्यात मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवून लोणी पर्समध्ये घातलं होतं. त्यामुळे मला वाटलं, आपण चकत्या घातल्याचं स्वप्न पडलं असेल. उरलेल्या कागदाच्या दोन चकत्या कापल्या, घातल्या, मोठ्याने मोजल्या, "एक. दोन."

"काय मोजतेस?" स्वयंपाकघरातून सासूबाई.

"चकत्या!"

"बरं," त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, हसल्या.

तेवढ्यात भोपळीने झोप आवरली. फिल्म पुन्हा राहिली.

बुधवारी सकाळी चमच्याची तपासणी झाली. सासूबाईंनी बराच वेळ कान दिला. "मऊच आहे. पण उद्याचा भरवसा देत नाही मी."

बुधवारी दुपारी पुन्हा कासव.

मी नवऱ्याला फोन लावला. "तू कॅमेऱ्याला हात लावलास?"

"मी माझ्या बुटाला हात लावत नाही," तो म्हणाला. मागे चाळीस पोरं कोकलत होती. "ठेवू?"

पुन्हा चकत्या कापायला कागद उरला नव्हता. सासरे आरामखुर्चीत वर्तमानपत्राखाली होते. झोपलेल्या माणसाला उठवण्यापेक्षा आपणच घ्यावा म्हणून मी त्यांचा खण उघडला. आत लिफाफे, उभे, एका रेषेत, प्रत्येकावर नकाशावरच्यासारखी रेखीव अक्षरं. 'सुटे स्क्रू, उपयोग अज्ञात.' 'पेन्सिलींचे तुकडे, लांब.' 'पेन्सिलींचे तुकडे, आखूड.' आणि सगळ्यात पुढे, शाई अजून ताजी:

'काढलेल्या चकत्या, नग २, सोमवार.'

'काढलेल्या चकत्या, नग २, मंगळवार.'

मी दोन्ही लिफाफे घेऊन आरामखुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. हा सूर्य आणि हा जयद्रथ. भोपळी शेजारीच पाळण्यात झोपलेली, त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. राग नाकातून बाहेर येतो.

"बाबा. हे काय आहे?"

वर्तमानपत्र जरासं खाली आलं. "लिफाफे."

"आत काय आहे?"

"वर लिहिलंय की."

"तुम्ही माझ्या चकत्या काढल्या!"

"काढल्या. पण फेकल्या नाहीत," ते दुखावून म्हणाले. "तारीखवार ठेवल्यात."

"मला वाटलं मला वेड लागलं! मी डॉक्टरकडे जायच्या विचारात होते! दात यायला आलाय, बाबा. एकदा आला की आला, तो काही पुन्हा आत जाणार नाही. मला एक हसू हवंय, एकच, आणि तुम्ही..."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. स्वयंपाकघराच्या दाराकडे चोरून बघितलं आणि माझ्याकडे झुकले.

"अगं, जरा समजून घे. लेन्स दुरुस्त झाली, याचा अर्थ काय होतो?"

"फोटो चांगले येतील."

"याचा अर्थ, ती आधी चुकीची होती! मी माझ्या हाताने कधी मागे फोकस केलेलाच नाही. मी पुढेच करायचो. नेमका. मी नकाशेवाला माणूस! पहिले फोटो धुऊन आले तेव्हा मलाच धक्का बसला. पण ती ते बघून अशी लाजली, अशी लाजली... आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं."

"नजर जाते तिथे फोकस जातो?"

"तेच. झालं! एकदा गेलेलं वाक्य. आता चाळीस वर्षांनी सांगू? की मी तुझ्याकडे नाही, साहेबाकडे बघत होतो? फीत कापणाऱ्या साहेबाकडे?"

"साहेबाकडे नाही, साहेबाच्या बुटांकडे," दारातून आवाज आला. "नंतर महिनाभर तसेच बूट शोधत फिरलात."

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात तपासणीचा चमचा. सासऱ्यांचा चेहरा लेन्सशिवाय धूसर झाला.

"तू... कधीपासून ऐकतेस?"

"आज? 'लिफाफे' पासून. तशी म्हणाल तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून." त्या आत आल्या आणि पाळण्याची दोरी हलकेच ओढली. "दोन रोल बघितले तेव्हाच कळलं मला, हा कॅमेरा पुढचं सोडून मागचं बघतो. मग मी अंदाज घेतला. सहा पावलांवरून काढत असाल तर हातभर मागे. चार पावलांवरून वीतभर. अगदी नाकासमोर असाल तर चार बोटं."

काकांना भिंग लागलं, मला प्राणिसंग्रहालय लागलं. सासूबाईंनी वितीवर मोजलं होतं.

"म्हणजे तू मुद्दाम मागे उभी राहायचीस?" सासरे.

"मग काय, ताटल्यांची हौस होती मला? तुमच्या बहिणीच्या लग्नात अर्धा तास चळत धरून उभी होते, जागा जाऊ नये म्हणून."

"आणि बोलली नाहीस कधी!"

"काय बोलायचं? तुम्ही इतकं छान वाक्य तयार केलं होतं."

सासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मत्स्यालयातल्या माशासारखं. आणि पाळण्यातून खुदकन आवाज आला. भोपळी उठली होती, गजांना धरून उभी होती आणि आजोबांचा मासा बघत होती.

खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं. हिरडी चकाकत होती. मी घाईघाईने लेन्सकडे बघितलं, लिफाफ्यांकडे बघितलं. स्क्रू काढून चकत्या घालून परत आवळायला पंधरा मिनिटं. भोपळीचं हसू पंधरा मिनिटं टिकत नाही. पंधराव्या मिनिटाला तिला भूक लागते.

"चकत्या राहू देत," सासूबाई म्हणाल्या. "तू फिल्म भर. पोरगी माझ्याकडे. अहो, तुम्ही इथे या. पुढे."

"मी? मी धूसर येईन!"

"साहेब आले, नवरानवरी आले, आता तुम्ही या."

मी ट्रेसिंगचा कागद ओरबाडून काढला आणि खटक्यावरची गुंडी सोडवून फिल्म भरली. सासूबाई खिडकीपाशी स्टुलावर बसल्या, मांडीवर भोपळी. सासरे शेजारी गुडघ्यावर. सासूबाईंनी त्यांच्या हनुवटीला धरून तोंड पुढे ओढलं, भोपळीचं तोंड आणि सासऱ्यांचं नाक यांच्यामध्ये आपली चार बोटं आडवी धरून माप घेतलं, आणि म्हणाल्या, "हं. हलू नका."

"श्वास घेऊ?"

"नाकाने घ्या. नाक पुढेमागे करू नका."

मी छिद्र चारवर ठेवलं. पिवळ्या चौकोनात सासऱ्यांना दोन नाकं. मी आयुष्यात कधी सासऱ्यांच्या नाकाकडे एवढं एकाग्र होऊन बघितलं नव्हतं. दोन्ही नाकं सरकली, जवळ आली, एक झाली.

पण भोपळी गंभीर! आईचं अर्धं तोंड गायब झालेलं असूनही ती आजोबांच्या गालावरचा तीळ निरखत बसलेली.

"हसवा ना हो कुणीतरी," मी रडकुंडीला आले.

तेव्हा सासूबाई सासऱ्यांच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. सासऱ्यांचे कान मुळापासून लाल झाले, गाल फुगले, आणि नाक हलू द्यायचं नाही म्हणून त्यांनी जे काही तोंड केलं ते बघून भोपळी हसली. पूर्ण. हिरडीभर. लाळेच्या धाग्यासकट.

मी बटण दाबलं.

शनिवारी सकाळी केळं भरवताना चमचा वाजला. टिक. सासूबाईंनी दोनदा वाजवून खात्री केली, मग शेजारपाजारच्यांना बोलावून वाजवून दाखवला. मी मात्र मनातल्या मनात उड्या मारत होते. बुधवार! शनिवारच्या तीन दिवस आधी! शेवटचं बोळकं माझ्या फिल्मच्या डबीत बंद होतं.

मंगळवारी फोटो आला. मी दुकानाबाहेर फुटपाथवरच पाकीट फाडलं.

सासरे धूसर. नाक तर असं की कुणाचंही असावं. आणि त्यांच्या चार बोटं मागे माझी भोपळी. पापणी न् पापणी. भुवईतला एक उभा राहिलेला केस. हनुवटीवर लाळेचा थेंब आणि थेंबात आमची खिडकी. मी तिथेच उभी राहून थोडी रडले, थोडी हसले. एक गृहस्थ बाजूने वळसा घालून गेले.

मग नीट बघितलं. खालच्या हिरडीवर, मधोमध, काहीतरी पांढरं होतं.

धूळ असेल म्हणून नखाने खरवडलं. हलेना. तशीच घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी भिंगाच्या डोळ्याने बघितलं, बराच वेळ.

"अभिनंदन," ते म्हणाले. "दात आहे."

घरी मी फोटो टेबलावर टाकला आणि बसकण मारली. "गेलं माझं बोळकं."

"शक्य नाही," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी मी स्वतः तपासलं होतं. मऊ होतं." त्यांनी भिंग लावलं. मग भिंग उलटं करून लावलं. मग चमचा उचलून त्याच्याकडे असं बघितलं की तो चमचा पुन्हा केळ्याच्या जवळ जाणार नाही. "जाडच आहे मेला."

सासरे मात्र खुशीत होते. "म्हणजे चमच्याच्या तीन दिवस आधी लेन्सला दिसला! बघा, कोण म्हणतं चुकीची आहे?" त्यांनी फोटो उलटा केला आणि मागे रेखीव अक्षरांत लिहिलं: 'दात, नग १, बुधवार.'

मी फोटो हातात घेतला. हसू तेच होतं. सगळ्या हिरडीत तो एक ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा, आणि बाकी सगळं बोळकंच. दात आणि बोळकं एकाच दिवशी तिथे होती आणि आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"नवी फिल्म भरलीय, छत्तीस फोटो आहेत," सासरे म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि चार पावलं मागे गेले. "भोपळी, इकडे बघ. आजोबांकडे. मी यावेळी अगदी नेमका..."

सासूबाईंनी भोपळीला पुढे जमिनीवर बसवलं आणि माझं मनगट धरलं. मी नेहमी कॅमेऱ्यामागे असते. त्या अल्बमात माझा एकही फोटो नाही, कानाचासुद्धा.

"केस नीट कर," त्या कुजबुजल्या. "आणि ये इकडे, माझ्याशेजारी. मागे. वीतभर."